पुढे धाकटी, मागे थोरला

"चढ आला की घाबरून उतरायचं नाही. पुढे धाकटी, मागे थोरला... एवढं लक्षात ठेव."

दादा असं म्हणायचा. धाकटी म्हणजे सायकलची पुढची लहान चकती, थोरला म्हणजे मागचा मोठा गिअर. चढाला हीच जोडी लागते. हे शब्द आम्हा बहीणभावाचे, घरातल्या घरात पाडलेले. मी दर वेळी पुलापाशी चढ लागला की उतरायची. 'वरच्या तळ्यापर्यंत न उतरता जाईन' असं वचन त्याने माझ्याकडून घेतलं आणि आठवड्याभराच्या तापात गेला. दोन वर्षांनी त्याची सायकल भिंतीवरून उतरवून मी दुकानात नेली.

"रस्ता कसला?" मेकॅनिकने विचारलं. नाकावर ग्रीसचा ठिपका, डोळ्यांत हसू.

"रविवारी वरच्या तळ्यापर्यंत न उतरता जायचंय. पुलापर्यंत डांबर... पुढे खडीचा चढ."

"मग हे बारीक टायर घसरणार. फार जाड घेतले तर डांबरावर ओझं. अडतीस मिलिमीटरचे बसवू. हवा जरा कमी ठेवली की धक्के सोसतात."

"आणि तुमची हवा कोण कमी करतं?"

"तुम्ही आलात... आपोआप गेली की!"

मी लाजून खाली पाहिलं. स्टँडवर मागचं चाक सावकाश फिरत होतं. कुणी हात लावला नव्हता.

"पुढे एकच चकती ठेवू? सोपं पडेल."

"नको. दोन्ही असू देत."

"बरं. मागे मात्र चौतीस दातांचा गिअर घालतो. मग काय, पुढे धाकटी, मागे थोरला!"

माझ्या अंगावर काटा आला. "हे... कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आत्ता तुम्हीच नाही का म्हणालात?" तो थबकला. "पण... आवाज तर माझ्या मागून आला."

त्याच्या मागे नुसती भिंत होती. चाक थांबलं.

तो हळूच म्हणाला, "रविवारी एकट्या जाऊ नका. मी मागून येतो."

"मागे जागा नाही," माझ्या तोंडून निघून गेलं. "तुम्ही वर थांबा. तळ्यापाशी."

"आणि न उतरता आलात तर?"

"तर... जे विचारायचं मनात आहे ते विचारा. हो म्हणेन."

रविवारी सकाळी धुकं होतं. पुलापाशी डांबर संपलं, टायरखाली खडी करकरली. डाव्या हाताने मी धाकटी लावली. उजवं बोट हलायच्या आत मागे 'खट्' झालं... साखळी आपणहून थोरल्यावर चढली होती.

मागून आणखी एका सायकलीखाली खडी वाजत होती. माझ्याच लयीत.

मी वळून पाहिलं नाही. पाय न टेकता तशीच वर निघाले.