तंबूतल्या आकाशासाठी

श्रीगोंद्याच्या एसटी स्टँडवर जानेवारीतल्या उबदार उन्हात ज्ञानेश्वरी काळी छत्री उघडून बसली होती. छत्रीला शंभरेक भोकं होती आणि ती सगळी तिनेच दाभणाने पाडलेली होती. शेजारी कॅमेऱ्याची बॅग मांडीवर घेऊन बसलेला तरुण बराच वेळ तिच्या ओढणीवर सांडलेले उन्हाचे ठिपके बघत होता. शेवटी त्याला राहवेना.

"मॅडम, छत्री बदलायला झाली बरं का तुमची."

"आधी खाली येऊन बघा," ती म्हणाली, "मग सांगा."

तो वाकून छत्रीखाली आला. काळ्या कापडात सप्तर्षी लुकलुकत होते, त्यांच्या रेषेत ध्रुव... सगळे आपापल्या जागी. बघायला लागतो त्याहून जरा जास्तच वेळ तो तिथे थांबला. तिच्या ते लक्षात आलं, आणि नगरची गाडी लागली तरी छत्री मिटायची तिला घाई झाली नाही.

त्याचं नाव हर्षल. नगरला तो लग्नांचं शूटिंग करायचा, अधूनमधून माहितीपटांची कामं घ्यायचा. ज्ञानेश्वरी एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायची. गाडीत शेजारी जागा मिळाली आणि तिने, कुणाला फारसं न सांगितलेलं, त्याला सांगून टाकलं. तिला हवा भरून फुगवायचा एक काळा घुमट हवा होता, तंबूसारखा, आणि आत तारे दाखवणारा प्रोजेक्टर. गावोगावच्या शाळांत तो न्यायचा आणि भर दुपारी मुलांना आकाश दाखवायचं. खर्च तीन लाख चाळीस हजार. शाळेकडे पैसे नव्हते आणि तिच्याकडे तर नव्हतेच.

"लोकांकडे मागा," हर्षल म्हणाला. "इंटरनेटवर. क्राउडफंडिंग म्हणतात त्याला."

गणपतीच्या वर्गणीसारखं का, असं तिने विचारलं. तसंच, तो म्हणाला, फक्त इथे दार वाजवायचं नाही, तर आपली गोष्ट सांगायची, आणि ती आवडली तर लोक शंभर रुपये देतात, कुणी पाच हजार देतात. त्याने स्वतः एकदा लघुपटासाठी असं मागितलं होतं. आधी कुणालाच कल्पना दिली नव्हती, सुरू केल्यावर ओळखीच्यांनासुद्धा विचारायची लाज वाटली. मुदत संपली, रक्कम पुरी झाली नाही, आणि नियमाप्रमाणे जमलेले पैसे ज्याचे त्याला परत गेले. हे सांगताना तो खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत होता. त्याच्या आवाजातला तो खाली बसलेला सूर ज्ञानेश्वरीच्या मनात रेंगाळला.

पुढच्या रविवारी तो व्हिडिओ करायला आला. कॅमेऱ्यासमोर ती धडा वाचल्यासारखी बोलायला लागली. त्याने कॅमेरा बाजूला ठेवला, अंगणात मांडी घातली आणि म्हणाला, "मी सातवीतला मुलगा आहे. मला काहीच कळत नाही. आता सांगा." ती हसली, आणि मग जे बोलली ते त्याने कधी टिपलं हे तिला कळलंही नाही.

रक्कम किती लिहायची यावर दोघांची थोडी वादावादी झाली. ती संकोचाने दोन लाखच म्हणत होती. त्याने तिला पैसे जमवून देणाऱ्या वेबसाइटचा हिस्सा आणि टपालखर्चसुद्धा धरून खरा आकडा लिहायला लावला, आणि कुठला पैसा कशाला जाणार तेही. बदल्यात लोकांना काय द्यायचं, हे मात्र तिनेच शोधलं. हजार किंवा त्याहून जास्त देणाऱ्याला त्याच्या जन्मवेळचं आकाश ती हाताने काढून पाठवणार होती.

मुदत चाळीस दिवसांची. पहिले पैसे घरच्यांचे यावेत, म्हणजे परक्यांना भरवसा वाटतो, असं हर्षलचं म्हणणं. म्हणून तिने सोनईच्या छबूआत्याला गळ घातली. आत्याने भाच्याच्या मोबाईलवरून हजार रुपये पाठवले.

मग रोज संध्याकाळी सात वाजता हर्षलचा फोन यायला लागला.

"आज किती?"

"बावीस टक्के."

एवढंच कामाचं बोलणं. बाकीचा अर्धा तास कशात जायचा, हे तिला सांगता आलं नसतं. त्याने खाल्लेली शेव-भाजी, तिच्या वर्गातली भांडणं... एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू. दोन आठवड्यांनी त्याला कच्छच्या रणात शूटिंगचं काम मिळालं आणि तो गेला. पण फोन चुकला नाही, फक्त आता त्यात वारा ऐकू यायचा.

अडतीस टक्क्यांवर आकडा अडला. चार दिवस, सहा दिवस हलेना. हर्षल फोनवर धीर द्यायचा, पण त्याचाच आवाज पुन्हा तसा खाली बसू लागला होता. ज्ञानेश्वरीला तंबूपेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटायला लागली.

त्याच आठवड्यात ती छबूआत्याचं आकाश द्यायला सोनईला गेली. आत्याची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती, तेव्हा आत्याने लग्नाचं काढायला सांगितलं होतं. गोरज मुहूर्त, पश्चिमेला शुक्र. आत्याने तो कागद दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

"त्या दिशी म्या सारा येळ मान खालीच घातल्याली," ती म्हणाली. "वर एवढं हुतं व्हय..."

ज्ञानेश्वरीने आत्याला विचारून फोटो काढला, तिचं वाक्य जसंच्या तसं खाली लिहिलं आणि पैसे दिलेल्या सगळ्यांना पाठवलं.

त्यांनी ते पुढे पाठवलं. पुण्याहून, दुबईहून लोक आपापल्या आईच्या लग्नाची तारीख कळवू लागले. पन्नास टक्के झाले, मग एकाहत्तर. शेवटचे चार दिवस उरले असताना रक्कम पुरी झाली. सात वाजता तिने आकडा सांगितला तेव्हा हर्षलने तो तिला पुन्हा दोनदा म्हणायला लावला.

दुसऱ्या दिवशी सात वाजले. फोन वाजला नाही. ज्ञानेश्वरी अंगणात उभी होती, मोबाईल मुठीत होता. आता विचारायला उरलंच काय होतं? सव्वासातला तिनेच फोन लावला.

"आज सांगायला काही नाही," ती म्हणाली.

"माहितीय. साडेसहापासून फोन हातात धरून बसलोय. काय निमित्त काढावं ते सुचेना."

तिने डोळे मिटले. इतक्या परक्या माणसांकडे मागून झालं होतं... मग यालाच मागायला कसला संकोच?

"सातचा फोन आता नको मला," ती म्हणाली. "सात वाजता तुम्ही घरी आलेले हवे आहात. रोज."

पलीकडचा वारा एकदम कमी झाला; तो आडोशाला गेला असावा.

"हे मी विचारणार होतो," तो हळूच म्हणाला. "तीन आठवडे पाठ करतोय."

"मग म्हणून दाखवा."

आणि त्याने अडखळत, मध्येच विसरत, पुन्हा सुरुवात करत ते सगळं म्हणून दाखवलं. तिने त्याला एकदाही थांबवलं नाही. संपलं तेव्हा फक्त "हो" म्हणाली.

मार्चमध्ये हिवरे बाजारच्या शाळेच्या मैदानात काळा घुमट पहिल्यांदा फुगला. बाहेर ऊन रणरणत होतं. मुलं वाकून वाकून आत शिरली, त्यांच्या मागून ती दोघं. पडदा ओढला गेला, आत गडद अंधार झाला आणि मुलांची कुजबुज थांबली. अंधारात हर्षल तिचा हात शोधू लागला. पहिला तारा उगवायच्या आत तो त्याला सापडला होता.