कठड्यावरची पिशवी

सकाळी विहिरीवरची मोटर चालू करायला गेलेला लहानू गडी बोंबलतच परत आला. पाण्यावर साडी तरंगत होती, आणि त्या साडीत मालकांची सून होती.

फौजदार आव्हाडबाई मखमलाबादच्या त्या मळ्यात पोचल्या तोवर सुवर्णाला वर काढलं होतं. बावीस वर्षांची पोर, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. अशा वेळी कायदा आधी सासरकडे बघतो. गावानं तर बघून निकालही देऊन टाकला होता.

दोन हजार तीन साल उजाडलं तरी हुंड्याला हुंडा म्हणायची कुणाची छाती नव्हती. 'मुलीच्या सुखासाठी' असं म्हणायचं. सुवर्णाच्या सुखासाठी मोटारसायकल ठरली होती आणि बापानं ती अजून दिली नव्हती. डोंबलाचं सुख!

विहिरीच्या कठड्याशी तिच्या चपला जोडीनं काढून ठेवलेल्या होत्या. वर कठड्यावर पिशवी होती. बाईंनी ती उघडली. एक साडी, कंगवा, नवा ब्लाउजपीस. ब्लाउजपीसात बांधलेले तांदूळ, हळकुंड, सुपारी. तळाशी नारळ.

सासू विमलाबाई ओट्यावर बसली होती. नवरा हर्षल खांबाला टेकून उभा होता.

"सुनेला शेवटचं कधी पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

"काल सकाळी. घोटीला माहेरी जाते म्हणली. रुसून निघाली."

"कशावरून रुसली?"

सासूनं मुलाकडे पाहिलं. "गाडीवरनं बोलाचाली झाली."

"नुसतीच बोलाचाली?"

हर्षलची मान खाली गेली. "एक थोबाडीत दिली, मॅडम. पण विहिरीत नाय ढकललं. आईशप्पथ! ती काल गेली ती घरी आलीच नाय."

"निघताना तिची ओटी भरली होतीत?"

विमलाबाई फणकारली. "रुसून चाललेल्या सुनेची ओटी? मी जागची उठलेसुद्धा नाय."

तेवढ्यात सुवर्णाचे वडील सावळीराम आले. ऊर बडवतच जीपमधून उतरले. "मारली वो माझी पोर! फाशी द्या ह्यांना!"

"काल ती तुमच्याकडे आली होती?"

"नाय. दिवाळीपासून तोंडसुद्धा नाय पाह्यलं तिचं."

म्हातारा खरंच रडत होता. दुपारी बाई घोटीला निघाल्या, तेव्हा त्यांनी त्याला आपल्याच गाडीत घेतलं.

घरापुढे मांडवाचे वासे रोवलेले होते. रविवारी धाकट्या दिशाचं लग्न. अंगणात ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं होतं. बाईंनी ताडपत्री उचलली. कोरी करकरीत मोटारसायकल, हँडलला हार घातलेली.

"ही कुणाची?"

"धाकट्या जावयाची," सावळीराम म्हणाले. "ह्या टायमाला आधीच घेऊन ठेवली. पुन्हा तोच घोळ नको."

बाई घरात गेल्या. सुवर्णाची आई सिंधुबाई चुलीपाशी बसली होती. बाईंनी पिशवीतला ब्लाउजपीस तिच्यापुढे ठेवला. सिंधुबाईनं तो उचलून छातीशी धरला.

"सावळीराम, सुवर्णा काल इथं आली होती."

"नाय म्हणलं ना एकदा!"

"ऐका. सासूनं ओटी भरली नाही. 'भरली' म्हणाली असती तर तिचाच फायदा होता. सुनेला मानानं पाठवली असं दिसलं असतं. पण त्या बाईला ते सुचलंच नाही, म्हणजे ती खरं बोलली. तरी पिशवीत ओटी आहे. एसटीत बसलेल्या बाईची ओटी कुणी भरत नाही. आणि लेक माहेराहून निघाली, ती हसत निघो की रडत, आई तिला रिकाम्या ओटीनं जाऊ देत नाही. म्हणजे ती इथं पोचली आणि इथूनच परत गेली. चपला जोडीनं काढून, पिशवी नीट ठेवून ती विहिरीत उतरली. ढकललेल्या माणसाला एवढी सवड नसते. सासरच्या दारात तर ती गेलीच नाही. रुसून आलेली लेक त्याच दिवशी आपण होऊन परत फिरत नाही. मला एवढंच सांगा, तिला परत कुणी नेलं?"

सिंधुबाईनं तोंड उघडलं. "मी चोरून भरली ओटी, बाई. ह्यांना म्हणलं, दोन दिस राहू द्या पोरीला. लय विनवलं."

सावळीराम तिथंच बसले. "रविवारी लगीन हाय. मोठी माघारी आलेली पाह्यली असती तर पाव्हणे मांडवातनं उठून गेले असते. जीपमधनं नेली. मळ्याच्या वाटेवर सोडली. म्हणलं, दिल्या घरी नांद."

"दारापर्यंत का नाही गेलात?"

"कोणत्या तोंडानं जाऊ? गाडी दिली नव्हती."

"आणि ही अंगणातली गाडी? ती तिनं पाहिली?"

सिंधुबाईनं मान डोलावली. "ताडपत्री उचलून पाह्यली. म्हणली, आई, रंग चांगला हाय."

आव्हाडबाईंनी ब्लाउजपीस परत घेऊन पिशवीत ठेवला.

"मागणाऱ्यांना आणि मारणाऱ्याला मी सोडणार नाही," त्या म्हणाल्या. "पण ती जीव वाचवायला तुमच्याकडे आली होती, सावळीराम. तुम्ही तिला विहिरीपर्यंत पोचवलीत, आणि सकाळी येऊन फाशी मागितलीत."

सावळीरामांनी बाईंचे पाय धरले. "हे कागदावर नका घेऊ, बाई! लग्न झालेल्या लेकीचं सुतक आम्हाला तीनच दिवस. रविवारच्या आत फिटतं. तेवढा रविवार होऊन जाऊ द्या. नायतर धाकटीचं वाटोळं होईल!"

पोरीचं अजून दहनही झालं नव्हतं आणि बापानं सुतकाचा हिशेब करून ठेवला होता. काय म्हणावं ह्या माणसाला!

आतल्या दारात दिशा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"नाना," ती म्हणाली, "उद्या मी माघारी आले, तर मलाबी वाटेवरच सोडून येशील का?"

सावळीरामांनी बाईंचे पाय सोडले.

सिंधुबाई उठली. तिनं लेकीला जवळ ओढलं आणि नवऱ्याकडे न बघता बाईंना म्हणाली, "लिहा बाई. मी सांगते, ते सगळं लिहा. ह्यांचं नाव घालून लिहा, आणि माझंबी."