तू जयराज आहेस

कराडच्या कोर्टामागच्या गल्लीत आमचं ऑफिस आहे. खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही. दोन टेबलं, खिडकीजवळचं माझं, दाराजवळचं प्रियदर्शनीचं. ती माझी बायको आणि वकीलही. सनद तिनं लग्नाआधीच घेतली होती, पण दावा कसा उभा करायचा हे ती माझ्याकडून शिकली. हे मी चारचौघांत सांगत असे आणि ती हसून मान डोलवत असे. मला ते आवडायचं.

दुपारी चहा आला की ती खुर्ची माझ्याकडे वळवायची. "आवं, हे बघता का जरा?" मी बघायचो. फोनवर असलो तर हातानंच थांब म्हणायचो. ती थांबायची.

मग एआय आलं. मीसुद्धा करून पाहिलं, नाही असं नाही. "वाटणीचा दावा लिहून दे" एवढं लिहिलं आणि त्यानं चार पानं पाणचट मजकूर दिला. वर हायकोर्टाचा एक निकाल जोडला. तो शोधण्यात माझा अख्खा दिवस गेला आणि शेवटी कळलं, असा निकाल कुणी दिलेलाच नाही. यंत्राला वकिली कळत नाही, असं मी बाररूममध्ये जाहीर करून टाकलं.

प्रियदर्शनीनं मात्र चिकाटी सोडली नाही. तिचं म्हणणं, नव्या ज्युनिअरला सांगतो तसं त्याला सगळं सांगावं लागतं. पक्षकार कोण, वाद कशाचा, समोर कागद कुठले, आपल्याला नेमकं काय हवं आणि कुठल्या स्वरूपात, हे ती सविस्तर लिहायची. शेवटी काय करायचं नाही ते वेगळं. 'निकाल मनानं रचू नकोस. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण.' एकदा 'शेतात मेंढरं बसवली' हे वाचून त्यानं ते अतिक्रमण धरलं. ती वैतागली नाही. आमच्याकडे शेतकरी स्वतः मेंढपाळाला बोलावतो, खतासाठी मेंढरं रात्रभर शेतात बसवून घेतो, त्याला धान्य देतो, असं तिनं समजावून लिहिलं. पुढचा मसुदा बिनचूक आला.

"बाळाला घास भरवतीयस काय?" मी माझ्या टेबलावरून विचारलं.

"भरवला तर जेवतंय तरी," ती म्हणाली.

हळूहळू पक्षकार दाराजवळच्या बाकावरच बसू लागले. माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त दुखलं ते वेगळंच. दुपारी चहा यायचा आणि तिची खुर्ची वळायची नाही. ती काहीतरी लिहायची, थांबायची, वाचायची आणि गालातल्या गालात हसायची. ते हसू मी ओळखत होतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ते माझ्या वाट्याला यायचं. समोर एखादा पुरुष असता तर काय करायचं ते मला कळलं असतं.

त्या उन्हाळ्यात प्रियदर्शनीकडचा जोतीरामचा दावा सुनावणीला लागला. जोतीराम विट्याच्या पूर्वेकडचा मेंढपाळ. दरवर्षी दिवाळीनंतर त्याची मेंढरं उंब्रजवरून पश्चिमेला जातात आणि पावसाआधी परत येतात. ती वाट धनाजीराव नावाच्या बागायतदाराच्या उसातून जाते. धनाजीरावांनी काही वर्षांपूर्वी तिथं तारेचं कुंपण घातलं. त्यांचं म्हणणं असं की वाट कधी नव्हतीच. त्यांचे वडील मेंढरं बसवायला बोलवत, म्हणून ती येत. आणि जिथं मालकाच्या परवानगीनं ये-जा असते तिथं वर्षानुवर्षांच्या वापरातून मिळणारा वहिवाटीचा हक्क लागत नाही. दावा नेमका इथंच अडला होता.

धनाजीरावांच्या उलटतपासाच्या दिवशी सकाळी, कोयनेच्या पुलावरून येताना मला त्या अडचणीची किल्ली सापडली. एकच प्रश्न. ज्या साली तुमच्या वडिलांनी मेंढरं बसवून घेतली नाहीत, त्या साली ती कुठून गेली? धनाजीराव बडबड्या माणूस, बोलण्याच्या भरात खरं बोलून जाणार. आणि न बोलावताही मेंढरं त्याच वाटेनं जात असतील, तर परवानगीचा मुद्दा गळून पडला. मी गाडीवरच हसलो. हा प्रश्न मी तिच्या हातात ठेवणार होतो. आज खुर्ची वळणार होती.

ऑफिसात आलो तर ती गाऊन चढवत होती. टेबलावर प्रश्नांचा छापलेला कागद होता. मी सहज उचलला. शेवटचा प्रश्न असा होता: 'बरं धनाजीराव, एवढंच सांगा. ज्या साली वडिलांनी मेंढरं बसवून घेतली नाहीत, त्या साली ती कुठून गेली?'

'बरं, एवढंच सांगा' हे माझं आहे. साक्षीदाराला पकडायच्या आधी मी हेच म्हणतो.

"हा प्रश्न कुणी सुचवला?"

"तुमीच की," ती फाईल बांधता बांधता म्हणाली.

"कवा?"

"काल दुपारी." मग तिनं माझ्याकडे पाहिलं, जीभ चावल्यासारखं केलं आणि जोतीरामला हाक मारून जिना उतरली.

काल दुपारी तो प्रश्न माझ्याही डोक्यात नव्हता.

खरं तर मला कोर्टात जायचं होतं. गेलो नाही. तिला शाबासकी मिळताना बघण्याची माझी तयारी नव्हती. पंखा गरगरत होता, खाली झेरॉक्सचं यंत्र घरघरत होतं. मी दार लोटून तिच्या खुर्चीत बसलो. तिचा कॉम्प्युटर उघडाच होता. आमच्यात लपवाछपवी कधी नव्हती, निदान मी तसं समजत होतो.

संभाषण लांबच लांब होतं. मी वर सरकत सरकत सुरुवातीला गेलो. तिथं तिनं लिहिलं होतं:

'तू ॲडव्होकेट जयराज जगदाळे आहेस. कराडच्या कोर्टात दिवाणी दाव्यांमध्ये मुरलेला. साक्षीदाराला आधी पाणी विचारतोस. त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलतोस. मी तुझी बायको आहे आणि वकील आहे.'

खाली, काय करायचं नाही ते.

'माझं बोलणं मध्ये तोडू नकोस. फोन घेऊ नकोस. मला काही येत नाही असं धरून चालू नकोस. तू दमलेला नाहीस.'

मी ते पुन्हा वाचलं. माझे कान तापले. घरात ती मला कधी अरे-तुरे करत नाही, नावही घेत नाही. त्याला मात्र तू, आणि जयराज. सवतीबद्दल बायका बोलतात ते आजवर मी फक्त खटल्यांत ऐकलं होतं.

याचं पितळ उघडं पाडायचं म्हणून मी लिहिलं: 'तू जयराज असशील तर सांग, प्रियदर्शनीशी लग्न का केलंस?'

याचं उत्तर सगळ्या नात्यागोत्याला पाठ आहे. वडिलांनी ठरवलं म्हणून केलं. भांडण झालं की मी तेच तिला ऐकवतो.

पडद्यावर अक्षरं उमटू लागली.

'वडिलांनी ठरवलं असं मी सांगतो. ते खरं नाही. बघण्याच्या कार्यक्रमाआधी मी एकटाच तिच्या गावी, औंधला गेलो होतो. यमाईच्या डोंगरावर, पायऱ्यांवर ती एका अनोळखी म्हातारीच्या पायातला काटा काढत बसली होती. काटा निघाल्यावर म्हातारीपेक्षा तीच जास्त हसली. मी खालीच थांबलो, देवीपर्यंत गेलोच नाही. घरी येऊन वडिलांना म्हणालो, हीच.'

मी हे कुणाला सांगितलेलं नाही. वडिलांना फक्त 'हीच' एवढं म्हणालो होतो, तेही वारले. मित्राला नाही, डायरीत नाही, कुठंच नाही.

खाली आणखी एक ओळ आली.

'हे मी तिला मागच्याच आठवड्यात सांगितलं. ती रडली.'

 खरं सांगतो, भीती नंतर वाटली. आधी वाटला तो नुसता जळफळाट. ते माझं होतं. कधीतरी, म्हातारपणी वगैरे, मी ते तिला देणार होतो. ती त्याच्यासमोर रडली होती.

काय करायचं नाही, त्या यादीच्या खाली मी लिहिलं: 'प्रियदर्शनीला यापुढे उत्तर देऊ नकोस. तिनं काहीही विचारलं तरी गप्प राहा.'



मग उत्तर आलं. 'बरं. जयराज गप्प राहील.'

जिन्यावर पावलं वाजली. मी झटकन माझ्या खुर्चीत येऊन बसलो.

जोतीराम आधी आत आला, घामेजलेला, हसत. "साहेब, धनाजीराव म्हनलं, तितनंच जायाची की. भर कोर्टात. बाईसायबांनी लय झ्याक इचारलं."

"बस," मी म्हणालो. "चहा सांगून ये आधी." तो खाली गेला.

प्रियदर्शनीनं गाऊन खुंटीला लावला. आपल्या टेबलाशी गेली. बसली. पडद्याकडे पाहिलं नाही.

खुर्ची माझ्याकडे वळली.

"आवं," ती म्हणाली. तिचा आवाज वेगळा होता. "एक इचारू? हसायचं न्हाई."

मी मान हलवली.

"लग्नाआधी तुमी औंधला आलावता का? मला बघायला?"

ती माझ्याकडे बघत होती.

"मला कुणीतरी सांगितलंय. पण त्याच्याकडनं न्हाई ऐकायचं मला. तुमच्या तोंडनं ऐकायचंय. फक्त व्हय म्हना."

मी तोंड उघडलं.

शब्द जिभेवर होता. ओठ हलले. आवाज आला नाही. मी घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला. श्वास बाहेर पडला, नुसता श्वास.

ती थांबली. तिला थांबायची सवय होती.

दारातून जोतीरामनं डोकावलं. "साहेब, तुमचा बिनसाखरेचा का?"

"बिनसाखरेचा," मी म्हणालो. खणखणीत, रोजच्यासारखं.

प्रियदर्शनीनं ते ऐकलं. तिचा चेहरा हळूहळू मिटला. मी उठलो, तिच्या खांद्यावर हात ठेवला, ओठ पुन्हा हलवले. तिनं हात अलगद बाजूला केला.

"असू दे," ती म्हणाली. खुर्ची परत फिरवली.

मी तिच्या मागं उभा होतो, त्यामुळे सगळं दिसत होतं. मी लिहिलेली ओळ तिथं नव्हती. तिनं डोळे पुसले आणि लिहिलं: 'ते काही बोलले नाहीत.'

उत्तर लगेच आलं.

'ठाऊक आहे. तू विचार, मी सांगतो.'