नात्याचा रकाना

आषाढातल्या त्या दुपारी दत्ताराम ऑफिसात शिरला, तो डोक्यावरच्या पोत्याच्या खोळीसकट. खोळीचं पाणी टपटप गळलं, ते नेमकं शुभदाच्या टेबलावर.

"अहो! हजेरीपट आहे तो! भिजला तर साठ माणसांची हजेरी जाईल."

"माझी तेवढी सुकवा बाई," तो म्हणाला. "बाकीच्यांचा ते बगतीत."

शुभदाला हसू आलं होतं, पण ती हसली नाही. मालवणजवळच्या त्या काजूच्या कारखान्यात ती एकटी कारकून मुलगी. हसू जपून वापरायचं असतं, हे ती दोन वर्षांत शिकली होती.

साल होतं बासष्ट. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा कारखान्याला लागू झाला होता आणि मालक भाई मेटाकुटीला आले होते. पगार सात तारखेच्या आत द्या, हजेरी रोजच्या रोज लिहा, आणि आता हा फंड. रुपयामागे आणा कामगाराचा, तेवढाच आणा मालकाचा, सगळा मुंबईच्या कार्यालयात जमा. "इन्स्पेक्टर काय सांगान येवचो नाय," भाई म्हणत, "कागद पुरे कर गो बाये." म्हणून ती एकेका माणसाला बोलावून फॉर्म भरून घेत होती. माणूस मेला तर त्याचा फंड कुणाला द्यायचा, याचा फॉर्म.

दत्ताराम भट्टीवरचा, मिठबावचा. काजू भाजताना टरफलाचं तेल उडून त्याच्या हातांची कातडी काळी पडली होती.

"वारस कोण?"

"कोण नाय."

"आईवडील? काका, मामा?"

"मामान वाडवलो. तो गेलो गेल्या साली. आता एक कुत्रो आसा. चालात?"

"कुत्रा चालत नाही."

"मगे कायदो बरो नाय तुमचो."

आता मात्र शुभदा हसली. मग खाकरून, गंभीर होऊन तिने समजावलं, "घरचं कोणी नसेल तर कोणाचंही नाव लिहिता येतं. फक्त लग्न झालं की हा फॉर्म रद्द. मग नवीन भरायचा, घरच्या माणसाच्या नावाने."

"आनी तुमचो फॉर्म?"

"माझे बाबा आहेत, माझ्यावरच अवलंबून. घरचं माणूस असताना बाहेरचं नाव कायद्याला चालत नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला... जरा जास्तच वेळ. "म्हणजे माका मोकळीक आसा. तुमका नाय."

फॉर्म त्याने मागून घेतला. चौथी शिकलोय, माझा मी लिहितो, म्हणाला. पुढे महिनाभर तो रोज काहीतरी निमित्त काढून येई. कधी हजेरी लागली का विचारायला, कधी नुसताच. जाताना कागदात बांधलेली ओवळाची, म्हणजे बकुळीची, फुलं टेबलाच्या कडेला विसरून जाई. इतका विसराळू माणूस भट्टी कशी सांभाळतो, असं शुभदा मनात म्हणे आणि फुलं घरी नेई.

बाबांना डॉक्टरकडे न्यायचं म्हणून ती एक दिवस रजेवर होती. नेमका त्याच दिवशी त्याने फॉर्म भाईंच्या हातात दिला. भाईंनी न वाचता सही ठोकली आणि सगळा गठ्ठा मुंबईला गेला.

भाद्रपदात एक फॉर्म परत आला. वर लाल पेन्सिलीने शेरा होता: 'नामनिर्देशित व्यक्तीशी नाते नमूद नाही. पंधरा दिवसांत खुलासा करावा.' फॉर्म दत्तारामचा होता. नावाच्या जागी वाकड्यातिकड्या, पण जपून काढलेल्या अक्षरांत लिहिलं होतं – कुमारी शुभदा श्रीपाद नाबर. नात्याचा रकाना कोरा.

ती खुर्चीत बसली आणि त्या नावावरून हळूच बोट फिरवत राहिली. तिचं त्याच्यावर प्रेम होतं. आता स्वतःशी लपवाछपवी करण्यात अर्थ नव्हता.

त्याच संध्याकाळी तिने बाबांसमोर विषय काढला. श्रीपाद मास्तर चार वर्षं अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. आई केव्हाच गेलेली. घरात दोघंच.

"भट्टीवरचा? परजातीचा?" मास्तर अडखळत म्हणाले, "मी... मी डोळे मिटेपर्यंत ते नाव या घरात नको."

त्या रात्री दोघांचीही ताटं तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने दत्तारामला बोलावलं आणि फॉर्म पुढे ठेवला. "रकान्यात काय लिहू?"

"तुमी सांगशात तां."

"बाबा म्हणाले, ते जिवंत आहेत तोवर नाही." तिने फॉर्म पुन्हा आपल्याकडे ओढला. "मग मी तुम्हाला थांबा म्हणाले, तर कशासाठी थांबायला सांगते, कळतंय ना? बापाच्या मरणाची वाट बघणारी मुलगी नाही व्हायचंय मला. तुम्ही थांबू नका..."

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"मगे 'नाते नाही' असा लिवा," दत्ताराम म्हणाला. "कायद्याक चालता ना?"

चालत होतं. तिने लिहिलं. शाई वाळेपर्यंत दोघंही त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. आठ दिवसांत त्याने भाईंकडून तळेऱ्याच्या गोदामावर बदली मागून घेतली.

त्यानंतर तीन पावसाळे गेले. लग्न झालं की नवीन फॉर्म, हा नियम तिनेच त्याला शिकवलेला. आता तोच नियम तिच्या मानगुटीवर बसला. तळेऱ्याचं टपाल आलं की काळजात धस्स व्हायचं. त्याचं भलं व्हावं, संसार व्हावा, असं ती मनापासून देवाला सांगे. आणि मग कपाट उघडून त्याची फाइल बघे. नवीन फॉर्म आलेला नसे.

पासष्टच्या भाद्रपदात बाबा गेले. जायच्या दोन दिवस आधी त्यांनी विचारलं, "तो... भट्टीवरचा... आहे अजून?"

"तळेऱ्याला असतो."

त्यांनी चालता हात तेवढा तिच्या हातावर ठेवला. ती पुष्कळ रडली. ज्यांनी पाटीवर हात धरून अक्षरं गिरवून घेतली, ते बाबा होते.

तेराव्यानंतर ती कामावर आली तेव्हा भाई चाचरत म्हणाले, "बाये, तुझो फॉर्म बदलूक होयो. वारस ऱ्हवलो नाय."

नवा फॉर्म तिने पुढे ओढला. घरचं कोणी नाही, हे एकदा तिने दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं. आता कायद्याच्या दृष्टीने ती स्वतःच तशी होती. तिने एक नाव लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तळेऱ्याची एस.टी. पकडली.

दत्ताराम गोदामात पोत्यांवर बसून वहीत पेन्सिलीने आकडे घालत होता. तिला बघून उठला. पेन्सिल कानावर ठेवली. कानशिलाचे केस पिकले होते.

"बाबा गेले," ती म्हणाली.

"आयकलंय. येवचा होता... पन कोन म्हणान येव?"

शुभदाला ते फार लागलं. तिने फॉर्म त्याच्या हातात दिला. तो बोट फिरवत सावकाश वाचू लागला. दत्ताराम गणपत मिठबावकर. बोट थांबलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"माझो फॉर्म मी बदलूक नाय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुमका कळला काय?"

"दर म्हयन्याक बगी होतंय रे..." इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्याच्याशी त्याच्याच बोलीत बोलली, आणि तिला रडू फुटलं.

तो गडबडला. काळवंडलेला हात पुढे केला, मग मागे घेतला, मग धीर करून तिच्या हातावर ठेवलाच.

"नात्याचो रकानो रिकामो आसा," तो म्हणाला. "ह्यो परत येतलो."

"म्हणान तर तुझ्याकडे आणलंय. तू भर."

त्याने कानावरची पेन्सिल काढली. बराच विचार करून, तशाच वाकड्या, जपून काढलेल्या अक्षरांत लिहिलं – 'ठरलेले'.

"असलं नातं कायद्यात नाही," डोळे पुसत शुभदा म्हणाली.

"मगे येऊ दे परत. तवसर लगीन करून नवीन भरूया."

बाहेर देवगडची गाडी आली आणि गेली. पेन्सिलीने लिहिलेलं होतं, खोडायला सोपं होतं. शुभदाने ते खोडलं नाही.