पुतळ्याची जबानी

दार लावून घ्या, दिवा राहू दे. ही माझ्या भाचीची गोष्ट. खोटी वाटली तर तिलाच विचारा, आज ती ॲम्ब्युलन्सवर ड्युटी करते.

तिचे वडील ॲम्ब्युलन्समध्येच गेले. गाडीत उपचारासाठी सोबत जो माणूस होता, तो घरी येऊन म्हणाला, "एक शब्द बोलले नाहीत, झोपेतच गेले. मी शेवटपर्यंत जवळ होतो." पोरीनं त्याला देव मानलं. पुढे तो पॅरामेडिकच्या कोर्सचा सर झाला, आणि ही त्याच्याच हाताखाली शिकायला गेली.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. परीक्षा तोंडावर, म्हणून रात्री नऊला ती सरावाला गेली. सरावाच्या खोलीत ॲम्ब्युलन्सचा आतला भाग जसाच्या तसा उभा केलेला, स्ट्रेचरवर माणसाएवढा रबरी पुतळा. त्याला नाडी आहे, श्वास आहे. बोलतात मात्र सर, काळ्या काचेमागून, माइकवर. कधी म्हातारी होतात, कधी दारुडा. पोरं हसून बेजार.

पुतळा कण्हला. तिनं शिकवल्याप्रमाणे नाडी धरली.

"काका, काय होतंय?"

"छातीत... दुखतंय."

"कधीपासून?"

"गाडीत घातल्यापासून."

"मग सोबतच्या माणसाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. थांबा जरा, म्हणाला. फोनवर हसत होता..."

असं कुठल्याच धड्यात नव्हतं.

"मग?"

"मग... त्यानं बघितलंच नाही गं, ठमे."

ठमी तिला एकच माणूस म्हणायचा.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. सर. दोन्ही हातांत चहा.

"कुणाशी बोलतेस? माइक बंद आहे. मी खाली गेलो होतो."

काचेमागे... कुणी नव्हतं.

"सर, बाबा त्या रात्री बोलले होते?"

नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. ती वाट बघत राहिली. म्हणा ना सर. खोटं का होईना, म्हणा.

सरांनी दोन्ही कप स्ट्रेचरच्या कडेला ठेवले, आणि मान खाली घालून आल्या दारानं निघून गेले.

भुताची भीती तिला वाटलीच नाही. बापाच्या जागी मानलेल्या माणसानं केसानं गळा कापला होता. ती ओरडून रडली.

सर पुन्हा तिथं दिसले नाहीत.

आणि तो पुतळा... त्याची बोटं एकाच साच्यात ओतलेली. ताठ. वळतच नाहीत. सकाळी शिपायानं त्याच्यावरची चादर काढली, तर उजवी मूठ घट्ट आवळलेली.

पुतळा बनवणाऱ्या कंपनीचा माणूसही येऊन गेला.

मूठ अजून उघडलेली नाही.