पडद्याआडचा घास

या मंडळी, असे पुढे सरका, जागा पुष्कळ आहे. डोळे मिटून ऐकलंत तरी चालेल. किंबहुना ही गोष्ट तशीच ऐकण्याची आहे. मी तुम्हाला एका उपाशी जिवाची हकिकत सांगतो. तो जेवला की नाही, ते ऐकल्याशिवाय कोणी उठायचं नाही, एवढं कबूल करा.

पृथ्वीपासून चारशे कोस उंचावर, भोवऱ्यासारखी स्वतःभोवती गरगरणारी अंबरवाडी नावाची एक वस्ती होती. माणसं एकशे चाळीस. त्यांच्या बीजवाटिकेच्या पाण्याची व्यवस्था दत्ताराम पेडणेकर बघत. वय एकसष्ट, मागेपुढे कोणी नाही, आणि रोज संध्याकाळी वांग्याच्या रोपांमध्ये चिपळ्या घेऊन कीर्तनाला उभं राहायचं, हा नेम. श्रोते कधी पाच, कधी पंधरा. एक श्रोता मात्र कायमचा. फांदीला शेपटीचा वेढा घालून बसलेला, एक डोळा बुवांकडे आणि दुसरा माशीकडे ठेवणारा शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा. प्रयोगशाळेत जन्मलेला, प्रयोग संपल्यावर निवृत्त झालेला. दत्तारामांनी त्याला मागून घेतला आणि नाव ठेवलं रंगोपंत.

त्या दिवशी सकाळी दत्ताराम पिचकारीने जास्वंदीच्या पानावर एकेक थेंब सोडत बसले होते. हा प्राणी भांड्यातलं पाणी पीत नाही. हलणारा, ओघळणारा थेंब दिसला तरच जीभ लावतो. रंगोपंतांनी दोन थेंब घेतले आणि तोंड फिरवलं. डोळे खोल गेलेले, कातडी सैल, रंग चुलीतल्या राखेसारखा.

"घ्या हो पंत, एवढा एक," दत्ताराम म्हणाले. "गोविंदाचं नाव घेऊन एक."

"काका, त्याला आग्रह करू नका, तो काही जावई नाही," मागून आवाज आला. वस्तीच्या पशुवैद्य डॉ. शलाका मिरजगावकर हातात तपासणीची पेटी घेऊन आल्या होत्या. त्यांनी पंतांचं पोट दोन बोटांनी हलकेच चाचपलं. "पोट मऊ आहे. म्हणजे कोमट पाण्याचा शेक लागू पडला."

"काल सकाळी शी झाली त्याला," दत्तारामांनी अभिमानाने सांगितलं. "पहिल्यांदा नारिंगी होती, आता टोकाला पांढरी आहे."

"छान! पांढरी म्हणजे अंगात पाणी आहे." शलाका मटकन बसल्या. "तेच तर मला कळत नाही. आधी खाल्लेलं पचत नव्हतं, कारण दिवा लांब होता. ऊब मिळाली नाही तर यांच्या पोटात अन्न तसंच कुजतं. दिवा जवळ आणला, पोट सुटलं. जंत नाहीत, तोंडात फोड नाहीत. पोट उघडलं, पण तोंड उघडत नाही."

"पंधरा दिवस झाले आज."

"माहीत आहे. काका, तुम्ही तरी जेवलात का?"

दत्तारामांनी पिचकारी पुसायला घेतली. "बघू. घास फिरतो हो तोंडात."

पंत आजारी पडल्यापासून अंबरवाडीने आपली रीत सोडली नव्हती. आजाऱ्याला भेटायला जायचं, म्हणून माणसं जोडीने यायची, पिंजऱ्यापाशी वाकायची आणि म्हणायची, "फारच उतरलाय हो चेहरा." शलाकांनी चौथ्या दिवशी भेटणाऱ्यांना बंदी केली. हा प्राणी लपून राहणारा; कोणी टक लावून पाहिलं की त्याला वाटतं, आपली शिकार होणार. पण भेटणारे थांबले, तरी पंत काही जेवले नाहीत.

दार सरकलं. निशिकांत लोंढे आत आले. वस्तीची 'साक्षी' यंत्रणा त्यांच्या हाताखाली होती. अंबरवाडीतला प्रत्येक जीव, माणूस असो की मुंगी, साक्षीच्या डोळ्यांपुढे असे. कुठे हवा गळली, कोणाचा श्वास अडकला, तर पळभरात कळावं म्हणून. लोंढे माणूस सरळ, पण नियमाचा इतका पक्का की वाढदिवसाच्या शुभेच्छाही जावक क्रमांक घालून देईल.

"काका, वाईट बातमी आहे," ते म्हणाले. "पृथ्वीवरून जीवसमितीचा हुकूम आलाय. पंधरा दिवस अन्न न घेणारा जिवंत प्राणी शीतनिद्रेत ठेवावा. आज दुपारी दोन वाजता."

"उठेल ना तो त्यातून?" दत्तारामांनी विचारलं.

लोंढे शलाकांकडे बघायला लागले. शलाका जमिनीकडे. "एवढ्या लहान अंगाच्या तिघांतला एक उठतो, काका. आणि हा आधीच अशक्त आहे."

दत्तारामांनी नुसती जास्वंदीची फांदी सरळ केली.

लोंढ्यांना ते बघवेना. "मी माझ्याकडून कसूर केली नाही हो. सतरा दिवसांपूर्वी इथे नवे साक्षिनेत्र बसवले. हा आजारी पडल्यावर काळजीपोटी पिंजऱ्याभोवती आणखी सहा जोड्या लावल्या."

"ते दिवे तुम्हीच लावलेत होय?" दत्ताराम हात जोडून म्हणाले. "आभार मानायचे राहूनच गेले. फार प्रसन्न वाटतं."

"कुठले दिवे?"

"हे काय, निळसर पांढरे, भिंतीत, जोडीजोडीने. मला वाटलं, पिकासाठी नंदादीप लावलाय कोणी भाविकाने. मी रोज नमस्कार करतो. आणि मी सरकलो की तेही माझ्याकडे वळतात! म्हटलं, कृपादृष्टी आहे देवाची."

लोंढे हसले आणि मग हसायचे थांबले. "काका, साक्षिनेत्र दिसत नाहीत. त्यांच्यातून निघतात ते अतिनील किरण. जांभळ्या रंगाच्या पलीकडचा प्रकाश. माणसाला तो दिसूच शकत नाही."

"थांबा," शलाका उठल्या. "काका, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कुठे झालं होतं?"

"गावी. फुकट शिबिरात. वीस वर्षं झाली."

"कोणतं भिंग घातलं?"

"ते मला काय विचारता? शिल्लक होतं ते घातलं असेल."

"बोटाने दाखवा बरं एकेक दिवा."

दत्तारामांनी भिंतीवर, छतावर, पिंजऱ्याच्या कडेला एकामागून एक बोट नेलं. लोंढे हातातल्या नकाशावर ताडून बघत होते. एकही चुकला नाही. त्यांची टोपी मागे सरकली.

"निशिकांत, सोपं आहे," शलाका भराभर बोलायला लागल्या. "आपल्या डोळ्यातलं जन्मजात भिंग अतिनील प्रकाश अडवून धरतं, म्हणून आपण त्याला आंधळे. काकांचं भिंग काढलं, त्या जागी जुन्या धाटणीचं बसवलं, ते अडवत नाही. आणि शॅमेलिऑनला तर हा प्रकाश जन्मापासूनच दिसतो. आता पिंजऱ्यात बसून बघ. चहूकडून वाटोळे, चकाकणारे, जोडीजोडीने डोळे. जोडी कशासाठी?"

"अंतर मोजायला," लोंढे पुटपुटले.

"ससाण्याचेही त्याचसाठी असतात. आणि हा हलला की ते त्याच्यावर वळतात. म्हणूनच हा दिवसभर फांदीभोवती गोल गोल सरकतो. डोळ्यांपासून फांदीमागे लपायचं, पण लपायला बाजूच उरलेली नाही. जीभ बाहेर काढायची म्हणजे सावध राहणं सोडायचं. एवढ्या ससाण्यांपुढे कोण जेवेल?"

"म्हणजे तो जेवत नाही म्हणून मी डोळे वाढवले..."

"आणि डोळे वाढले म्हणून तो जेवेनासा झाला."

दत्ताराम त्या निळसर ठिपक्यांकडे बघत राहिले. त्यांना जे दिवे दिसले, तेच पंतांना डोळे दिसले होते. सतरा दिवस एकाच दृश्यापुढे एकजण हात जोडत होता आणि दुसरा थरथरत होता.

"मग बंद करा की ते," ते म्हणाले.

"बंद होत नाहीत, काका. साक्षी थांबली तर वस्तीची हवाही थांबते. दोन्ही एकत्र बांधलंय. कापड टाकून झाकता येईल. पण अर्धा तास एखादा जीव दिसला नाही, की साक्षी त्याला दिवंगत म्हणून नोंदवते. आपोआप."

"अर्धा तास पुष्कळ झाला," दत्ताराम एकदम उभे राहिले. त्यांच्या अंगात कीर्तनाच्या मध्यावर येई तसं बळ आलं. "अहो, आमच्या गावच्या देवळात नैवेद्य दाखवताना पुजारी काय करायचा? ताट ठेवायचा, पडदा ओढायचा आणि पाठ फिरवून उभा राहायचा. देव जेवताना बघायचं नाही. मी लहानपणी एकदा पडद्याच्या फटीतून डोकावलो, तर असा कान पिळला होता की अजून आठवतो. जेवणाऱ्याला एकांत द्यावा, हे आम्हाला ठाऊक होतं. मी विसरलो, बघा."

"पण काका, बघायचं नाही तर जेवला हे कळणार कसं?" लोंढे म्हणाले.

"ऐकून! नऊ भक्तींतली पहिली श्रवणाची, लोंढेसाहेब. डोळ्यांचा नंबर नंतर."

शलाकांनी टाळी वाजवली. "बरोबर! याला बारीक आवाज जवळजवळ ऐकूच येत नाहीत. आपण ऐकतोय हे त्याला कळणारही नाही. आणि नर रातकिडे उबेत दिवसाही किरकिरतात."

रोपांवर टाकायचं जाड काळं कापड आणलं. पिंजऱ्यातला उबेचा दिवा चालू ठेवून गुळगुळीत काचेच्या वाडग्यात चार रातकिडे ठेवले. त्यांना चढून बाहेर येता येणार नाही, पंतांची जीभ मात्र आत पोचेल. दत्तारामांनी वाडग्याभोवती सवयीने पाणी फिरवलं, कापड ओढलं, आणि तिघंही पाठ करून बसले. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

चारही रातकिडे किरकिरत होते. पाच मिनिटं. दहा. वीस. दत्ताराम मनातल्या मनात नामस्मरण करत होते. लोंढ्यांच्या एका हातात घड्याळ होतं, दुसऱ्यात कापडाचं टोक.

"सत्तावीस," लोंढे कुजबुजले. "काका, आता काढावं लागेल."

टप्.

ओल्या चपलेने फरशीवर पाऊल टाकावं तसा आवाज. आणि किरकिर थोडी पातळ झाली.

"गेला एक," शलाका म्हणाल्या.

"गप्प बसला असेल," लोंढे म्हणाले. पण त्यांचा हात कापडावर तसाच राहिला.

"एकोणतीस," दत्तारामांनीच आठवण केली. "काढा, साहेब. नियम तो नियम."

मान वाकडी करून लोंढे ऐकत होते. टप्. दिंडीच्या मागे पडलेले टाळकरी एकेक करून थांबावेत, तसा सूर विरळ होत गेला. लोंढ्यांच्या मनगटावरचं यंत्र थरथरलं. त्यांनी बघितलं आणि कापडाचं टोक सोडून दिलं.

"रंगोपंत, दुपारी बारा चाळीस, दिवंगत," त्यांनी वाचलं. "आता कसली घाई? दोन राहिलेत अजून."

बारा बावन्नला बीजवाटिकेत शुकशुकाट झाला. शलाकांनी न बघता कापडाखाली हात घालून वाडगा बाहेर काढला. रिकामा! त्यात एक पाय तेवढा उरला होता.

दत्तारामांनी तिथेच दंडवत घातला. कोणाला, ते त्यांनाच ठाऊक. तोंड पिंजऱ्याकडे होतं.

"पण दोन वाजताचा हुकूम?" त्यांनी उठता उठता विचारलं.

लोंढे हुकूम पुन्हा वाचत होते. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर कोणी कधी न पाहिलेलं हसू पसरलं. "'जिवंत प्राणी' असं लिहिलंय. दिवंगताला शीतनिद्रा देता येत नाही, नियमातच बसत नाही. त्याला नोंदीत परत जिवंत करायचा, तर साक्षीच्या डोळ्यांपुढे धरावा लागेल. तसं कोणी अर्ज करून मागितलेलं नाही."

"आणि देहाचं काय लिहाल?" शलाकांनी विचारलं.

"'जागेवर आहे' असं लिहीन. हलतोय का, हा रकाना नाही."

एवढ्यात बाहेर पावलं वाजली. साक्षीने आपलं काम चोख केलं होतं. मृत्यूची वार्ता सगळ्या वस्तीला पोचली होती. दार सरकलं आणि माणसं खाली माना घालून आत येऊ लागली. सगळ्यांत पुढे स्वयंपाकघरातल्या सुलभाबाई गुरव, हातात झाकलेलं पातेलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पिठलं आणि भात.

"काका, धीर धरा," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "चांगल्या जिवाला मरणही..."

टप्.

कापडाच्या आड शलाकांनी नुकताच सरकवलेला पाचवा रातकिडा गप्प झाला.

सुलभाबाईंचं वाक्य तसंच अधांतरी राहिलं. मग दत्ताराम हसले, शलाका हसल्या, लोंढे टोपी तोंडावर धरून हसायला लागले, आणि सगळी हकिकत ऐकल्यावर दुखवट्याला आलेली तीस माणसं पोट धरून हसली.

"मग हे पिठलं परत नेऊ?" सुलभाबाईंनी विचारलं.

पिठल्याचा वास लसणाचा होता. दत्तारामांच्या पोटात पंधरा दिवसांनी पहिल्यांदा काहीतरी हललं. "असू द्या," ते ओशाळून म्हणाले. "आता आणलंच आहे तर."

ताट वाढलं. दत्तारामांनी पहिला घास कालवला आणि वर बघितलं. तीस जोड्या डोळे मायेने त्यांच्याकडे लागले होते. घास हातातच थांबला.

"मंडळी," शलाका म्हणाल्या, "पाठ फिरवा."

सगळे वळले. वांग्याच्या रोपांकडे तोंडं करून उभे राहिले आणि कान देऊन ऐकू लागले. आधी काहीच नाही. मग बोटं ताटावर फिरल्याचा आवाज. मग भातावर आणखी पिठलं ओतल्याचा. मग एक लांब, तृप्त भुरका.

"सुलभाबाई," मागून आवाज आला, "मिरची आहे का हो?"

मंडळी, रंगोपंत त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. काळ्या कापडाआड जेवत, हिरवेगार होऊन त्याच्याच फटीतून कीर्तन बघत. साक्षीच्या नोंदीत मात्र ते कैलासवासीच राहिले. तेव्हा तुमच्या घरी कोणी रुसलेलं, दुखणाईत, जेवत नसेल, तर ताट ठेवा, तोंड फिरवा, आणि तेवढ्या वेळात त्या कागदोपत्री मेलेल्या रंगोपंतांची आठवण काढा. त्यांचं श्राद्ध कोणी घालत नाही. एवढं तुम्ही करा.