धुतलेला हातमोजा

थापा वाटत असतील तर घाटकोपरला या आणि सुगंधामावशीला विचारा. पण तिच्यासमोर रबराचं नाव काढू नका. शिव्या घालेल.

गेल्या वर्षीचा, म्हणजे १९८४ चा मे. भर दुपार. भटवाडीजवळचं एक छोटं प्रसूतिगृह.

मावशी तिथे आया होती. रबरी हातमोजे वापरून फेकत नसत. धुवायचे, तोंडाने फुगवून भोक बघायचं, उकळायचे, पावडर लावून परत डॉक्टरच्या हातात.

फक्त बाई दगावली, तर तिचे मोजे जाळायचे.

सकाळीच एक बाई गेली होती. रक्त थांबलंच नाही.

आणि आता आत मावशीचीच लेक प्रेमा कळा देत होती. पहिलटकरीण.

"सिस्टर, हे जाळू ना?"

"जाळतेस काय? कपाटातलं एकच पाकीट अडीनडीला ठेवलंय. धू गपचूप!" कुंदा सिस्टर खेकसली.

बादलीत काळपट लाल पाणी. वर साय धरलेली. मोज्यांच्या बोटांत गुठळ्या अडकलेल्या. मावशीने दाबून दाबून काढल्या.

पिचिक... पिचिक...

शी!

मग तिने एक मोजा तोंडाला लावून फुंकला. पाचही बोटं ताठ झाली.

ती तोंड काढणार, तोच...

मोज्याने श्वास सोडला. तिच्या तोंडात.

गरम. कच्च्या रक्ताचा वास थेट घशात.

मग त्याने श्वास आत ओढला...

परत सोडला.

मावशी मोरीत भडाभडा ओकली. तशीच उठली आणि सगळे मोजे मागच्या भट्टीत टाकले.

"सुगंधा, मोजे आण!" कुंदा सिस्टरने आतून हाक मारली.

"जाळले."

"वेड लागलं काय गं तुला?"

"नवीन पाकीट फोडा! ते घाणेरडे माझ्या पोरीला लावलेत ना, तर इथंच तमाशा करीन!"

डॉक्टरांनी कपाटातलं नवं पाकीट फोडलं. मावशी प्रेमाच्या उशाशी जाऊन उभी राहिली.

मुलगी झाली. खणखणीत रडली. मावशीचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरांनी नवा मोजा काढला...

मनगटावर पाच बोटांच्या निळ्या खुणा.

"काय जोर आहे गं तुझ्या लेकीच्या हातात!"

"डॉक्टर... तिचे दोन्ही हात मी धरले होते."

डॉक्टरांचं हसू तिथेच विझलं.

"मग मी हात आत घातला तेव्हा... कोणी धरलं मला?"

प्रेमाताई बरी आहे. पोरगी चालायला लागली.

डॉक्टर मात्र आता फुल बाहीचेच शर्ट घालतात. परवा प्रसूतिगृहाच्या नळावर हात धुताना त्यांनी बाही सारली, तेव्हा मी बघितलं.

खुणा गेलेल्या नाहीत.

वर सरकल्यात... कोपरापर्यंत.